ओसरीवरचें विज्ञान : परातींतला धूमकेतु

भाद्रपदाच्या अंकांत धूमकेतूंच्या शेपटांविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर वाईच्या एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्या लिहितात : "धाकट्या भाऊजींनीं पंगतींत सांगितलें कीं, जर्मनींत शास्त्रज्ञांनीं बर्फ आणि माती कालवून एका भांड्यांत धूमकेतु केला, त्यावर मोठा दिवा लावला आणि त्यांतून धूळ कशी उडते तें मोजलें. त्यावर मामंजी म्हणाले, 'चित्रांतली गाय दूध देत नाहीं. परातींतला धूमकेतु आकाशांतल्याची हकीकत काय सांगणार?' भाऊजी गप्प बसले. आतां हा प्रश्न आपणच सोडवावा."

मामंजींचा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. न्यायशास्त्र थोडेंबहुत वाचलेल्या माणसाला तर तो अगदीं घरचाच वाटेल. सादृश्यावरून ज्ञान होतें काय, आणि होत असेल तर कोठपर्यंत, हाच तो प्रश्न. गवय म्हणजे गाईसारखा दिसणारा पशु, एवढें ऐकून अरण्यांत गेलेला मनुष्य गवय दिसतांच त्याला ओळखतो, हें उपमान प्रमाणाचें जुनें उदाहरण आहे. पण गाईचें दूध मोजून गवय किती दूध देईल तें कोणी सांगूं लागला, तर त्यानें उपमानाची मर्यादा ओलांडली असें म्हणावें लागेल. प्रयोगशाळेंतला धूमकेतु या दोहोंपैकीं कोणत्या जातीचा, हें ठरविण्यापूर्वीं खरा धूमकेतु धुरकटतो कां, तें थोडक्यांत पाहूं.

धूमकेतु म्हणजे धूर हा ज्याचा ध्वज आहे तो. संस्कृतांत हें अग्नीचेंही नांव आहे. आकाशांतल्या धूमकेतूपाशीं मात्र अग्नि नाहीं आणि धूरही नाहीं. आहे ती वाफ आणि धूळ. दुरून बाष्प पाहून त्यालाच धूर समजणारा आणि त्यावरून तेथें अग्नि आहे असें अनुमान करणारा मनुष्य आमच्या नैयायिकांनीं फसव्या हेतूचें उदाहरण म्हणून घेतला आहे. तीच फसगत या ज्योतीच्या नांवांत कायमची कोरली गेली, ही गंमत आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत केतुचार नांवाचा स्वतंत्र अध्याय लिहिला. कोणी केतूंची संख्या एकशें एक मानतात, कोणी हजार, आणि नारदाच्या मतें केतु एकच असून तो अनेक रूपांनीं दिसतो, अशीं मतें तो नोंदवितो. परंतु मला त्याचें मोठेपण दिसतें तें अध्यायाच्या आरंभींच : केतूचा उदयास्त गणितानें जाणतां येत नाहीं, असें तो स्पष्ट सांगून टाकतो. तें गणित पुढें एडमंड हॅले यानें १७०५ सालीं मांडलें आणि त्याच्या मृत्यूनंतर १७५८ च्या डिसेंबरांत धूमकेतूनें स्वतः येऊन त्याला दुजोरा दिला. मार्ग कळला. पण जो या मार्गानें येतो तो आंतून कसा आहे, हें कोडें आणखी दोनशें वर्षें तसेंच राहिलें.

१९५० सालीं फ्रेड व्हिपल या अमेरिकन ज्योतिर्विदानें असें मत मांडलें कीं, धूमकेतूच्या मध्यभागीं बर्फ आणि धूळ यांचा कांहीं किलोमीटर रुंदीचा एक गोळा असतो. तो सूर्याजवळ आला म्हणजे बर्फाची वाफ होते, वाफेबरोबर धूळ ओढली जाते आणि आपणांस शेपूट दिसतें. येथें पुष्कळांचा एक गैरसमज होतो. सूर्याजवळ गेल्यावर बर्फ वितळून त्याचें पाणी होत असेल असें त्यांना वाटतें. तें तसें होत नाहीं. पाणी द्रवरूपानें राहण्याला वरून कांहीं दाब लागतो. आपल्या हवेच्या दाबाच्या सुमारें एकशेंसाठाव्या भागाहूनही तो कमी झाला, तर बर्फ पाणी न होतां एकदम वाफच होतो. देवघरांतला कापूर नेमकें हेंच करतो. डबी उघडी राहिली तर वडी झिजत जाते, पण डबींत कधीं थेंबभर ओल दिसत नाहीं. म्हणून तर कापराच्या डबींत मिरीं टाकून ठेवण्याची चाल पडली. (मिऱ्यांनीं कापूर खरोखर किती टिकतो हा वेगळा प्रश्न, त्याचा निकाल आमच्या घरांत अजून लागलेला नाहीं.)

या क्रियेला रसशास्त्रांत ऊर्ध्वपातन म्हणतात. पनवेलीच्या मनुष्याला हा शब्द परका वाटण्याचें कारण नाहीं; कारण १८७२ सालीं कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं येथें धूतपापेश्वराच्या नांवानें आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला, तेव्हांपासून रसौषधींचीं नांवें या गांवांत लहानथोरांच्या कानांवरून गेलेलीं आहेत. रससिंदूर करण्याची जुनी रीत पाहा. पारा आणि गंधक यांची कज्जली कांचेच्या कुपींत घालून ती कुपी वालुकायंत्रांत ठेवतात. तळाशीं आंच लागली म्हणजे वाफ वर चढते आणि कुपीच्या थंड गळ्याशीं जाऊन तेथें तिचा घट्ट, लाल थर बसतो. उष्ण जागीं सुटलेली वाफ थंड जागीं जाऊन पुन्हां घन होते आणि नवा थर पहिल्या भुकटीहून कितीतरी कठीण असतो, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. ती पुढें लागणार आहे.

व्हिपलचें मत सुटसुटीत होतें. १९८६ सालीं हॅलेचा धूमकेतु परत आला, तेव्हां तें थोडें अवघडलें. त्या वर्षीं १४ मार्च रोजीं युरोपचें जिओत्तो नांवाचें यान त्याच्या मध्यगोळ्यापासून सुमारें ६०० किलोमीटरांवरून गेलें. त्यापूर्वीं त्याच महिन्यांत सोव्हिएत रशियाचीं दोन वेगा यानेंही जवळून गेलीं होतीं. छायाचित्रांत जें दिसलें तें स्वच्छ हिमखंडासारखें मुळींच नव्हतें. सुमारें १५ किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद अशी ती एक ओबडधोबड वस्तु होती आणि ती कोळशासारखी काळी होती. पडलेल्या प्रकाशाचा शेंकडा चार एवढाच अंश ती परत फेंकीत होती. शिवाय वाफ आणि धूळ सगळ्या पृष्ठभागांतून सुटत नव्हती. उन्हाच्या बाजूच्या थोड्याशा जागांतून फवारे उडत होते, बाकीचा भाग निवांत होता. बर्फाचा गोळा काळा कां? आणि धुळीनें तो झांकला गेला असेल, तर फवारे कोणत्या वाटेनें बाहेर पडतात?

अशा वेळीं दुर्बीण उपयोगी पडत नाहीं. धूमकेतु तेजस्वी होतो त्याच सुमारास त्याचा मध्यगोळा स्वतःच्याच धुळीच्या पडद्याआड जातो. जिओत्तोसारखें यान काय तें कांहीं मिनिटें जवळ असतें. मग उरतो एकच उपाय : जें तेथें असावें असें वाटतें तें येथें करून पाहणें. लेनिनग्राडच्या शास्त्रज्ञांनीं असे लहान प्रयोग यापूर्वींच केले होते. जर्मन मंडळींनीं तोच उद्योग मोठ्या प्रमाणावर हातीं घेतला. कोलोन शहराजवळ पोर्झ येथें तेथील अवकाश-संशोधन संस्थेचें एक मोठें निर्वात पात्र होतें. त्यांत १९८७ पासून १९९३ पर्यंत अकरा प्रयोग झाले. या प्रयोगमालेला 'कोसी' असें नांव होतें. जर्मन भाषेंतील 'धूमकेतूची नक्कल' अशा अर्थाच्या शब्दाचें तें संक्षिप्त रूप आहे.

त्यांची कृति स्वयंपाकघरांतल्या कृतीसारखीच सांगतां येते. ऑलिव्हीन नांवाचें एक हिरवट खनिज आणि चिकणमातीच्या जातीचीं खनिजें यांची अतिशय बारीक पूड पाण्यांत कालवावी. काळेपणासाठीं तींत किंचित् कोळशाची पूड घालावी. हें पातळ मिश्रण फवाऱ्यानें द्रवरूप नायट्रोजनांत उडवावें. तो द्रव शून्याखालीं १९६ अंश इतका थंड असल्यामुळें थेंब पडतांच गोठतात आणि मोहरीहूनही बारीक असे बर्फाचे दाणे तळाशीं जमतात. प्रत्येक दाण्याच्या पोटांत धूळ असते. कांहीं प्रयोगांत यांत कार्बन डायऑक्साइडचा बर्फही मिसळीत. हे दाणे सुमारें फूटभर रुंद आणि अर्धा फूट खोल अशा भांड्यांत दाबून न भरतां मोकळे, रव्यासारखे ओतावयाचे. भांडें जरा तिरपें ठेवावयाचें, म्हणजे सुटलेली धूळ त्यावरच न बसतां खालीं पडावी. मग पात्राच्या भिंती नायट्रोजननें थंड करून आंतील हवा काढावयाची, ती इतकी कीं, राहिलेला दाब बाहेरच्या दाबाच्या कोटीव्या भागाहूनही कमी व्हावा. शेवटीं झेनॉन वायूचे प्रखर दिवे लावावयाचे. त्यांचें तेज पृथ्वीजवळच्या सूर्यतेजाइतकें ठेवतां येई. पुढें तासन् तास नुसतें पाहावयाचें आणि मोजावयाचें. आंत निरनिराळ्या खोलीवर उष्णतामापक पुरलेले असत, समोर उडालेले कण पकडणारे फलक असत आणि वायूचें मोजमाप करणारीं यंत्रें असत. प्रयोग संपल्यावर तो गोठलेला ठोकळा थंडीतच कापून त्याचा एकेक थर तपाशीत.

दिवे लागल्यावर थोड्याच वेळांत धुळीचे कण उडूं लागले, तेव्हां मंडळींना आनंद झाला असेल. पण खरी मौज पुढें होती. धूळ उडण्याचें प्रमाण हळूहळू मंदावत गेलें. कारण वरच्या थरांतला बर्फ निघून गेला म्हणजे त्यांतली सगळीच धूळ कांहीं वाफेबरोबर जात नाहीं. जड किंवा एकमेकांत गुंतलेले कण जागच्या जागीं राहतात आणि त्यांची मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीची एक कोरडी गोधडी बनते. ही गोधडी काळी असल्यामुळें बरीच तापते, पण उष्णता खालीं जाऊं देत नाहीं, आणि खालून येणाऱ्या वाफेलाही अडविते. तापणाऱ्या दुधावर साय धरावी तसा हा प्रकार आहे. मधूनमधून एखाद्या ठिकाणीं ही साय फाटे, तिचा तुकडा उडे आणि तेवढ्या जागेंतून पुन्हां जोरानें धूळ निघूं लागे. हॅलेच्या गोळ्याचा बराचसा भाग निवांत आणि थोड्या जागा जागृत कां, याचें निदान एक संभवनीय कारण येथें डोळ्यांसमोर घडतांना दिसलें.

दुसरी गोष्ट मात्र कोणी फारशी अपेक्षिलेली नव्हती. ठोकळा कापून पाहिला तेव्हां धुळीच्या खालचा बर्फ मूळच्या मोकळ्या रव्यासारखा राहिलेला नव्हता. तेथें एक टणक कवच तयार झालें होतें. वाचकांनीं रससिंदुराची कुपी आठवावी. उन्हानें तापलेल्या जागीं सुटलेली सगळीच वाफ बाहेर जात नाहीं. कांहीं आंतल्या थंड भागाकडे वळते, तेथल्या दाण्यांच्या फटींत पुन्हां गोठते आणि दाण्याला दाणा सांधते. कुपींत वाफ वर चढून गळ्याशीं बसते, येथें ती खालीं उतरून पोटांत बसते, एवढाच काय तो फरक. अर्थात् असें ठरलें कीं, एकदां सूर्याजवळून जाऊन आलेला धूमकेतु वरून कोरडा, त्याखालीं कठीण आणि त्याच्याही खालीं मऊ असा असला पाहिजे.

'असला पाहिजे' हे शब्द लिहिले कीं मामंजी पुन्हां दारांत उभे राहतात, आणि त्यांचें बरोबर आहे. जेथें धूर तेथें अग्नि हा नियम खरा, परंतु जेथें अग्नि तेथें धूर हा खोटा. कारण धुरासाठीं ओलें सरपण लागतें. ही जी मधेंच लपून बसलेली अट, तिला उपाधि म्हणतात. तेव्हां प्रयोगशाळेंतल्या व्याप्तींत अशी कोणती उपाधि लपली आहे, हें शोधणें हेंच खरें काम. भांडें एक फुटाचें आणि धूमकेतु कित्येक किलोमीटरांचा. दिवे तास-दिवस जळले आणि धूमकेतूला महिनेच्या महिने ऊन लागतें. हे दोन फरक आहेतच. परंतु सर्वांत मोठी उपाधि म्हणजे पृथ्वीचें गुरुत्व. ज्या धूमकेतूची गोष्ट मी आतां सांगणार आहे त्याच्यावरचें गुरुत्व पृथ्वीच्या पन्नास-साठ हजारांशाइतकें अल्प आहे. तेथें कोणी नुसती बऱ्यापैकीं उडी मारली, तरी तो परत खालीं यायचा नाहीं. पोर्झच्या भांड्यांत जो कण जडपणामुळें जागीं बसून गोधडीचा धागा झाला, तोच कण धूमकेतूवर सहज उडून गेला असता असें कोणी म्हटलें, तर त्याला नुसत्या युक्तिवादानें उत्तर देतां येत नाहीं. प्रत्यक्षच पाहिजे.

तें प्रत्यक्ष २०१४ सालीं घडलें. २ मार्च २००४ रोजीं निघालेलें युरोपचें रोझेटा यान दहा वर्षांच्या प्रवासानंतर ६ ऑगस्ट २०१४ रोजीं चुर्युमोव्ह-गेरासिमेंको नांवाच्या धूमकेतूपाशीं पोंचलें आणि १२ नोव्हेंबरला त्यानें फायली नांवाचें शंभर किलोग्रॅमांचें एक लहान यान त्यावर उतरविलें. येथें शंभर किलो भरणाऱ्या त्या यंत्राचा भार तेथें दीड-दोन ग्रॅमच होता! त्याला धरून ठेवणाऱ्या योजना चालल्या नाहींत आणि तें चेंडूसारखें उसळून सुमारें दोन तासांनीं दूर एका कड्याच्या सावलींत जाऊन पडलें. तेथें त्यानें आपली ठोकून आंत घुसविण्याची सळई बाहेर काढली. वरची थोडीशी धूळ भेदल्यावर सळई पुढें जाईना. ठोक्यांचा जोर वाढविला तरी जाईना. धुळीखालीं कठीण बर्फ होता. पोर्झच्या ठोकळ्यांत पाव शतकापूर्वीं जें कवच सांपडलें होतें, त्याचीच आठवण शास्त्रज्ञांना झाली आणि तसें त्यांनीं लिहिलेंही.

येथें टाळ्या वाजवून थांबण्याचा मोह होतो; पण तसें करणें अप्रामाणिकपणाचें होईल. कारण यान प्रथम जेथें आपटलें तेथील जमीन कठीण नव्हती, तर कित्येक सेंटिमीटर खोलीपर्यंत भुसभुशीत होती. पुढें, २०२० सालीं, उसळत असतां तें आणखी कोठें घांसलें होतें याचा शोध लागला. तेथें एका खडकाच्या खांचेंतला बर्फ उघडा पडला होता आणि तो इतका मऊ निघाला कीं शास्त्रज्ञांनीं त्याची तुलना कॉफीवरच्या फेसाशीं केली. संपूर्ण धूमकेतूच तसा हलका आहे. त्याच्या एक घनमीटर भागाचें वस्तुमान सुमारें ५३० किलोग्रॅम भरतें, म्हणजे पाण्याच्या निम्म्याहून किंचित् अधिक, आणि त्याचा जवळजवळ तीनचतुर्थांश भाग पोकळच आहे. शिवाय रोझेटानें असेंही दाखविलें कीं, एका गोलार्धांतून उडालेली धूळ पुष्कळदां पूर्ण निसटून न जातां दुसऱ्या गोलार्धावर बर्फासारखी भुरभुरत पडते आणि तेथें जाड थर बनविते. तिरप्या भांड्यांत हें दिसणें शक्यच नव्हतें. मिळून, कवच कसें होतें हें भांड्यानें खरें सांगितलें. कोठें होतें आणि कोठें होत नाहीं, हें त्याला सांगतां आलें नाहीं. गवय ओळखला गेला, दूध मोजलें गेलें नाहीं.

आतां या विषयांतला जो भाग मला सर्वांत रसाळ वाटतो त्याकडे वळतों. धूळ मुळांत उडतेच कां, हाच प्रश्न अजून पुरा सुटलेला नाहीं. वाचतांना आश्चर्य वाटेल, पण हिशेब सोपा आहे. धूमकेतु पृथ्वीइतक्या अंतरावर आला असतां त्याच्या बर्फांतून निघणाऱ्या वाफेचा दाब आपल्या हवेच्या लक्षांशाच्या आसपासच असतो. उलट अतिसूक्ष्म धुळीचे कण निव्वळ परस्परांच्या स्पर्शानें एकमेकांस चिकटतात, आणि तो चिकटा प्रयोगशाळेंत मोजला असतां या दाबाच्या जवळजवळ हजारपट भरतो. म्हणजे हिशेबाप्रमाणें गोधडी एकदां पडली कीं धूमकेतु कायमचा मुका व्हावयास पाहिजे. प्रत्यक्षांत तो दर फेरीला शेपूट फुलवितो. ब्राउनश्वाईग येथील युर्गेन ब्लुम आणि त्यांचे सहकारी यांनीं हा पेंच निर्वात पात्रांतल्या प्रयोगांनीं फार चिकाटीनें हाताळला आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, धूमकेतु पिठाच्या एकसंध गोळ्यासारखा नसून खड्यांच्या राशीसारखा असावा; सूक्ष्म धुळीचे आधीं मिलिमीटर-सेंटिमीटर आकाराचे खडे झाले आणि असे असंख्य खडे सौम्यपणें एकत्र येऊन धूमकेतु झाला.

गृहिणींना हें एका वाक्यांत समजेल. बेसनाचा लाडू आणि कुरमुऱ्यांचा लाडू घ्या. बेसनाचा कण न् कण शेजारच्याला सर्व बाजूंनीं चिकटलेला असतो. त्याचा एक कण वेगळा उचलतां येत नाहीं. कुरमुऱ्यांच्या लाडवांत दाणा स्वतः घट्ट असला तरी शेजारच्या दाण्याला तो दोन-चार ठिकाणींच टेकलेला असतो. बोटानें टिचकी मारली तरी दाणा सुटतो. धूमकेतु हा दुसऱ्या जातीचा लाडू असेल, तर क्षीण वाफही त्याचा दाणा सोडवूं शकेल. आणि मग या धुळीच्या उडण्यांत एक फार जुनी गोष्ट दडलेली आहे : साडेचार अब्ज वर्षांपूर्वीं ग्रह जन्मत असतां हे खडे एकमेकांवर जोरानें आदळले नाहींत, अलगद येऊन बसले. परातींतल्या धुळीवरून इतक्या दूरच्या काळाविषयीं बोलतां येतें, हें मामंजींनाही ऐकायला आवडेल. मात्र ही उपपत्ति अजून सर्वमान्य नाहीं. हजारपटीचें अंतर खड्यांनीं पुष्कळसें भरून निघतें, तरी पुरतें निघतें कीं नाहीं याविषयीं मतभेद आहेत, आणि ब्राउनश्वाईग, बर्न, ग्राझ येथील मंडळींनीं २०१८ च्या सुमारास एकत्र येऊन धूमकेतूंच्या प्रयोगांसाठीं जी संयुक्त प्रयोगमाला सुरू केली, ती याच मतभेदापायीं.

आपल्या लोकांचा या कामांत भाग काय, असें कोणी विचारील. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील के. एस. कृष्णस्वामी यांनीं धूमकेतूंच्या भौतिकीवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९८६ सालीं, म्हणजे हॅलेच्या भेटीच्याच वर्षीं, प्रसिद्ध झाला आणि त्याच्या पुढें सुधारून वाढविलेल्या आवृत्त्या निघाल्या. अमेरिकेंत नासाच्या पॅसाडेना येथील प्रयोगशाळेंत मूर्ति गुडिपाटी यांनीं २०१५ सालीं एका सहकाऱ्याबरोबर जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यांतल्या शीतयंत्राला त्यांनीं लाडकें नांव दिलें होतें 'हिमालय'. त्यांत त्यांनीं शून्याखालीं सुमारें २४३ अंशांवर अस्ताव्यस्त रचनेचा बर्फ जमविला, त्यांत सेंद्रिय रेणु मिसळले आणि मग तो हळूहळू उबविला. उब मिळतांच बर्फाचे रेणु शिस्तीनें स्फटिक रचूं लागले आणि त्यांनीं पाहुण्या रेणूंना बाहेर ढकललें; ते पाहुणे एकत्र येऊन वर त्यांचें कवच झालें. म्हणजे कवच होण्याची आणखी एक निराळी वाट सांपडली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेंत अतिशीत बर्फावर, तसेंच धूमकेतु आदळल्यासारखा आघात देऊन अमिनो आम्लांवर, प्रयोग होतात.

आणि जयंतराव नारळीकर. कोल्हापुरांत जन्मलेल्या या ज्योतिर्विदानें धूमकेतूच्या भयावर 'धूमकेतु' याच नांवाची मराठी कथा लिहिली, हें बहुतेकांस ठाऊक असेल. २००१ च्या जानेवारींत हैदराबादेहून सोडलेल्या बलूननें ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा कुप्यांत भरून आणली, त्या प्रयोगामागेंही ते होते. धूमकेतूंच्या धुळीबरोबर सूक्ष्म जीव पृथ्वीवर येत असतील काय, हें पाहण्याचा हेतु होता. जिवंत पेशी मिळाल्या, त्या वरून आल्या कीं खालून चढल्या याचा निर्णय मात्र झाला नाहीं. माझें मन तूर्त 'खालून' या पक्षाकडे झुकतें. तरी नुसता वाद घालण्यापेक्षां कुपी वर पाठविणें केव्हांही चांगलें. २० मे २०२५ रोजीं जयंतराव गेले आणि त्यानंतर सहा आठवड्यांच्या आंत, १ जुलैला, दुसऱ्या कोणा ताऱ्याच्या कुळांतला एक धूमकेतु आपल्या सूर्याकडे येतांना चिलींतील दुर्बिणीला सांपडला. त्याच्या वाफेंत पाण्यापेक्षां कार्बन डायऑक्साइड कितीतरी अधिक आढळला. त्याच्या घरीं यान पाठवितां येणार नाहीं. त्याची वाफ वाचावयाची ती येथल्या भांड्यांत मोजलेल्या आंकड्यांच्या आधारेंच, आणि तेथें उपाधि किती लपल्या असतील तें सांगणें आजमितीस कठीण आहे.

ज्यांना हा सर्व प्रकार घरीं लहान प्रमाणावर पाहावयाचा असेल त्यांनीं एवढें करावें. पन्नास ग्रॅम कापूर कुटून घ्यावा. पंचवीस ग्रॅम एका वाटींत तसाच पसरावा. उरलेला पंचवीस ग्रॅम तितक्याच वजनाच्या चाळलेल्या, पूर्ण विझलेल्या गोवरीच्या राखेंत नीट मिसळून दुसऱ्या तशाच वाटींत भरावा. दोन्ही वाट्या एकाच कोनाड्यांत, दिव्यापासून आणि चुलीपासून दूर ठेवाव्या, व कापूर पोटांत गेल्यास विषारी असल्यामुळें लहान मुलांचा हात पोंचणार नाहीं असें पाहावें. रोज सकाळीं एकाच वेळीं दोन्ही वाट्या ग्रॅमच्या काट्यावर तोलून वजन लिहून ठेवावें. पहिल्या एक-दोन दिवसांत राखेच्या वाटींतून किती कापूर गेला आणि आठव्या दिवशीं किती, हें विशेष पाहावें. आठवडा झाल्यावर राखेची वाटी न हलवितां सुरीनें उभी कापावी. वर वास नसलेली राख किती जाड आहे तें पट्टीनें मोजावें, आणि त्याखालचा थर बोटाला मोकळा लागतो कीं सांधलेला, तें पाहावें. ज्यांच्याकडे आंकडे नीट लिहिलेले असतील त्यांनीं ते मार्गशीर्षापूर्वीं संपादकांच्या पत्त्यावर पाठवावे. खोली पूर्वेकडची कीं पश्चिमेकडची, आणि पंखा चालूं होता कीं नव्हता, हें लिहायला विसरूं नये.